शर्यतीमागचे हात
इंग्लंडमधील हौशी सायकल शर्यतींचा इतिहास

इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. परीक्षेत गुण त्यांनाच असतात, म्हणून विद्यार्थीही तेवढेच पाठ करतात. परंतु सामान्य माणसांनी पोटापाण्याचा उद्योग सांभाळून, पदरचे चार पैसे घालून ज्या गोष्टी उभ्या केल्या, त्यांचाही एक इतिहास असतो. अशीच एक हकीकत मी या अंकात आपल्यापुढे ठेवीत आहे. ती आहे इंग्लंडमधील हौशी सायकल शर्यतींची.

शर्यत कोण जिंकला हे सगळे विचारतात. परंतु ती भरवली कोणी, वेळ कोणी नोंदवली, वळणावर पहाटेच्या थंडीत उभे कोण राहिले, हे सहसा कोणी विचारीत नाही. या लेखातील खरी माणसे तीच आहेत.

कामगाराच्या हाती सायकल

सुरुवातीची सायकल म्हणजे पुढे माणसाच्या छातीएवढे चाक आणि मागे लहानसे चाक. ती महाग होती आणि धोक्याचीही. १८८५ मध्ये कॉव्हेंट्री येथील जॉन केम्प स्टार्ली याने दोन्ही चाके सारखी असलेली, साखळीने चालणारी सायकल बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉप या पशुवैद्याने हवा भरलेली धाव तयार केली. पुढील काही वर्षांत किमती उतरत गेल्या आणि कारकून, सुतार, गिरणी कामगार यांच्या हाती सायकल आली. आठवडाभर धुरात राबणारा माणूस रविवारी पंधरा-वीस मैलांवरच्या हिरव्या खेड्यात जाऊन येऊ लागला. ठिकठिकाणी सायकल मंडळे निघाली आणि मंडळ निघाले की चढाओढ आलीच.

येथे 'हौशी' या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पैशासाठी खेळत नाही तो हौशी, हा झाला सरळ अर्थ. पण त्या काळच्या इंग्लंडमध्ये काही खेळांनी या शब्दाच्या आड गरिबांना दार बंद केले होते. हेन्लीच्या प्रसिद्ध नौकाशर्यतीच्या १८७९ मधील नियमांप्रमाणे हाताने काम करणारा कारागीर किंवा मजूर 'हौशी' ठरूच शकत नव्हता. सायकलवाल्यांनी हे मानले नाही. १८७८ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या संघाने पैशासाठी शर्यत लावतो की नाही एवढेच पाहिले. हात मळलेले आहेत की स्वच्छ, हे पाहिले नाही. १८८३ पासून हाच संघ नॅशनल सायक्लिस्ट्स युनियन या नावाने ओळखला जाऊ लागला.

बंदी आली, वाट निघाली

त्या काळी रस्त्यावर घोडागाड्यांचे राज्य होते. सायकलींचा घोळका भरधाव आला की घोडे बिथरत. तक्रारी होत, पोलीस खटले भरीत. जुलै १८९४ मध्ये लंडनच्या उत्तरेकडील मोठ्या रस्त्यावर एका शर्यतीत असाच प्रकार झाला आणि गाडीतील बाईंनी पोलिसांत तक्रार केली. संघाच्या चालकांना धास्ती पडली, की शर्यतीच्या निमित्ताने सरकारने साऱ्या सायकलींनाच रस्ता बंद केला तर कामावर जाणाऱ्या गरिबाने काय करावे? म्हणून संघाने रस्त्यावरील शर्यतींना मनाई केली आणि शर्यती बंदिस्त धावपट्टीवर घ्याव्यात असे ठरवले. ही भीती अगदीच खोटी होती असे म्हणता येणार नाही.

पण धावपट्टी प्रत्येक गावी कुठली? तेव्हा फ्रेडरिक थॉमस बिडलेक या सायकलपटूने तोडगा काढला. स्वार एकत्र सोडायचेच नाहीत! एकेकाला ठरावीक अंतराने सोडायचे, प्रत्येकाने एकट्याने जायचे आणि घड्याळाशी झुंजायचे. ऑक्टोबर १८९५ मध्ये त्याच्या नॉर्थ रोड मंडळाने अशी पन्नास मैलांची चाचणी घेतली. पाहणाऱ्याला वाटावे, एक माणूस आपल्या कामाला घाईने निघाला आहे.

लपूनछपून म्हणजे किती, त्याची कल्पना पाहा. स्वार मानेपासून घोट्यापर्यंत काळ्या कपड्यांत असत. शर्यती भल्या पहाटे होत. मार्गाचे नाव कागदावर लिहीत नसत. त्याऐवजी अक्षर आणि आकडा यांची सांकेतिक खूण असे. यादीवर 'खाजगी' असे छापलेले असे आणि शर्यतीपूर्वी वर्तमानपत्रात जाहिरात करण्यास बंदी असे. इतर खेळांना प्रेक्षक हवे असतात. हा खेळ मात्र प्रेक्षक येऊ नयेत म्हणून जपत होता!

चिटणिसाची वही

या चाचणी शर्यतीची व्यवस्था विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक पाहावी, कारण तिच्यात गणितही आहे आणि न्यायही.

मंडळाचा चिटणीस आधी अर्ज मागवतो आणि मग यादी करतो. चांगले स्वार सलग ठेवीत नाही. दहा, वीस, तीस असे क्रमांक देऊन त्यांना यादीभर पसरतो, म्हणजे एकाला दुसऱ्याचा आधार मिळत नाही. दर मिनिटाला एक स्वार सुटतो. सुरुवात सहाला धरली, तर क्रमांक एक सहा वाजून एक मिनिटाने आणि क्रमांक पंचवीस सहा वाजून पंचवीस मिनिटांनी निघणार. क्रमांक हीच सुटण्याची वेळ झाल्याने हिशेबात घोटाळा होत नाही. एक जण सायकल मागून धरून ठेवतो, वेळ नोंदणारा आकडे मोजतो आणि शून्य म्हणताच हात सुटतो.

मार्ग बहुधा जाऊन परत येण्याचा असतो. जाताना पाठीवर असलेला वारा येताना छातीवर येतो, जाताना लागलेला उतार येताना चढ होतो. त्यामुळे मार्गाचा फुकट फायदा सहसा कोणाला मिळत नाही. दुसऱ्याच्या मागे चिकटून जाण्यास सक्त मनाई असते, कारण पुढच्याच्या आडोशाने जाणाऱ्याला वारा कमी लागतो आणि श्रम वाचतात. वळणावर एक स्वयंसेवक क्रमांक टिपतो. अर्ध्यातूनच कोणी परत फिरला तर ते त्याच्या कागदावरून उघडे पडते. अंतरे ठरलेली : दहा, पंचवीस, पन्नास आणि शंभर मैल, शिवाय बारा तास आणि चोवीस तास. शेवटी सभागृहात चहा पिता पिता फळ्यावर वेळा लिहिल्या जातात. पहिला आणि शेवटचा, दोघांच्याही वेळा त्याच फळ्यावर येतात. म्हणूनच मागे पडणाराही पुढच्या रविवारी पुन्हा येतो. त्याची शर्यत स्वतःच्या मागील वेळेशी असते.

या कामाचे कोणाला वेतन नव्हते. बिडलेकने स्वतः आयुष्यभर असंख्य शर्यतींच्या वेळा नोंदवल्या. १९३३ मध्ये सायकलवरून जाताना मोटारीची धडक बसली आणि त्यातच त्याचा अंत झाला. बेडफर्डशायरमध्ये रस्त्याच्या कडेला त्याच्या स्मरणार्थ सायकलस्वारांनी एक छोटीशी बाग केली. वेळ नोंदणाऱ्याचे असे स्मारक होते, यातच त्या खेळाची मूल्ये दिसतात.

आज्ञाभंग

पण काळ थांबत नाही. फ्रान्स, बेल्जियम, इटली येथे स्वार एकत्र सोडून उघड्या रस्त्यावर शर्यती होत आणि गावेच्या गावे पाहायला लोटत. इंग्लंडचा तरुण तेथे गेला की घोळक्यात चालवण्याचा सराव नसल्याने मागे पडे. वुल्व्हरहॅम्प्टनच्या पर्सी स्टॅलर्ड याने हे १९३३ च्या जागतिक स्पर्धेत स्वतः अनुभवले होते. पुढे दुसरे महायुद्ध आले आणि पेट्रोल मिळेनासे झाले. डिसेंबर १९४१ मध्ये स्टॅलर्डने संघाला लिहिले, की रस्ते मोकळे आहेत, सुरुवात करण्यास याहून चांगली वेळ येणार नाही. संघाने नकार दिला.

तेव्हा त्याने स्वतःच शर्यत भरवली. तारीख ७ जून १९४२. मार्ग वेल्समधील लँगोलेनपासून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत, एकोणसाठ मैल, म्हणजे सुमारे ९५ किलोमीटर. स्वार चाळीस. त्याची पद्धत पाहा : त्याने लपवले काहीच नाही. तो आधी पोलिसांकडे गेला आणि त्यांनी सहकार्य केले. तेथील 'एक्स्प्रेस अँड स्टार' या दैनिकाचे साहाय्य घेतले आणि जमणारा निधी सैनिकांच्या मदतीसाठी देण्याचे ठरवले. शेवटच्या टप्प्यावर लोकांची गर्दी जमली आणि अल्बर्ट प्राइस पहिला आला. अपघात नाही, तक्रार नाही.

तरीही संघाने स्टॅलर्डला आणि स्वारांना निलंबित केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टॅलर्ड आणि त्याच्या साथीदारांनी ब्रिटिश लीग ऑफ रेसिंग सायक्लिस्ट्स ही वेगळी संस्था काढली. १९४५ मध्ये, युद्ध संपते ना संपते तोच, या लीगने ब्रायटनपासून ग्लासगोपर्यंत अनेक दिवसांची शर्यत घेतली. जुन्या संघाला जाहिरातीचे भय होते. लीगचा सारा भरवसा जाहिरातीवर होता. दुकानदारांकडून बक्षिसे, नगरपालिकेकडून स्वागत, वर्तमानपत्रात बातमी या मार्गाने तिने लोकांना रस्त्याच्या कडेला आणून उभे केले. इकडे १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकची लांब पल्ल्याची सायकल शर्यतही उघड्या रस्त्यावर न घेता विंडसरच्या राजउद्यानात घेतली गेली. त्या ऑलिम्पिकच्या सायकल स्पर्धांत आपल्या भारताचाही संघ होता.

सतरा वर्षांचे भांडण

वाचकहो, आता या हकीकतीतील दुःखाचा भाग. १९४२ पासून १९५९ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षे, एकाच खेळावर प्रेम करणारी माणसे एकमेकांशी भांडत राहिली. एका संस्थेच्या शर्यतीत उतरणाऱ्याला दुसरीचे दार बंद होई. कोणी कोणाचे शेत लुबाडले नव्हते, की कोणाच्या पैशांची अफरातफर केली नव्हती. एका बाजूला वाटे, नियम मोडला तर रस्ताच जाईल; दुसरीला वाटे, नियम बदलला नाही तर खेळच जाईल. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या आणि नेमके म्हणूनच कोणी मागे हटत नव्हते. या काळात ज्या मुलाचे वय अठरा होते तो पस्तिशीला पोचला. त्याची उमेदीची वर्षे त्याला कोणी परत दिली?

अखेर १९५९ मध्ये दोन्ही संस्था एकत्र येऊन ब्रिटिश सायकलिंग फेडरेशन स्थापन झाले. १९६० मध्ये सरकारने नियम करून रस्त्यावरील शर्यतींना रीतसर मान्यता दिली. पोलिसांना आगाऊ सूचना द्यावी, स्वारांची संख्या मर्यादित ठेवावी, अशा त्या अटी होत्या. म्हणजे स्टॅलर्डची मागणी मान्य झाली आणि जुन्या संघाची काळजीही त्या अटींमध्ये सामावली गेली. दोघांचेही म्हणणे एकाच कागदावर मावत होते. ते लिहायला मात्र सतरा वर्षे लागली. कोणतीही संस्था चालवणाऱ्यांनी मनात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

मुलींच्या पालकांसाठी

एक हकीकत मुद्दाम सांगतो. यॉर्कशायरच्या बेरिल बर्टन या बाई शेतावर मजुरी करीत, घर सांभाळीत आणि फुरसतीच्या वेळी सायकल चालवीत. १७ सप्टेंबर १९६७ रोजी बारा तासांच्या शर्यतीत स्त्रियांना पुरुषांच्या मागून सोडले होते. पुरुषांत सर्वांत पुढे असलेला माइक मॅक्नमारा त्या दिवशी पुरुषांचा नवा विक्रम करीत होता. बर्टनबाईंनी त्यालाही गाठले आणि पुढे जाताना खिशातली गोळी काढून त्याला खायला दिली. त्याचे अंतर २७६.५२ मैल भरले, बाईंचे २७७.२५ मैल. बाईंनी जन्मभर हौशी म्हणूनच शर्यती केल्या. १९५९ पासून १९८३ पर्यंत सलग पंचवीस वर्षे देशातील सर्वोत्तम अष्टपैलू महिला सायकलपटूचा मान त्यांच्याकडे होता.

पाऊण मैलाचा हा फरक जगाला कळला तो कशामुळे? बारा तास रस्त्याच्या कडेला घड्याळ आणि कागद घेऊन बसलेल्या बिनपगारी माणसांमुळे. त्यांनी स्त्रीचे मैल आणि पुरुषाचे मैल एकाच मापाने मोजले. मोजणारा प्रामाणिक असला की गुणवत्ता लपत नाही, मग ती मुलाची असो की मुलीची.

आपण काय घ्यावे?

मुंबई-पुणे सायकल शर्यत आणि तिच्यातील बोरघाटाची चढण आपल्याला ऐकून माहीत असते. शाळेच्या क्रीडामहोत्सवातील हळू सायकल चालवण्याची शर्यत तर अनेकांनी पाहिली असेल. त्यापुढचे पाऊल फार मोठे नाही. रहदारी नसलेला आणि मोजून घेतलेला पाच किलोमीटरचा मार्ग, पोलिसांची लेखी परवानगी, डोक्यावर शिरस्त्राण, प्रथमोपचाराची पेटी, दोन खात्रीची घड्याळे, वळणावर एक जबाबदार शिक्षक आणि निकालासाठी एक फळा. बक्षिसाचा चषक नसला तरी चालेल. फळ्यावर प्रत्येकाचे नाव मात्र हवे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी एकच जण पहिला येईल. पण यादी करणारा, वेळ नोंदणारा, वळणावर उभा राहणारा, निकाल वाचून दाखवणारा अशी दहा माणसे त्या एकाच्या मागे लागतात. ज्याच्या पायांत वेग नाही त्याने वही-पेन्सिल हाती घ्यावी. आणि पालकहो, मुलगा किंवा मुलगी घरी येऊन सांगू लागली, "आज मी शर्यतीत वेळ नोंदवली," तर बक्षीस आणल्याइतकीच तिची पाठ थोपटा.