वत्सगुल्म व मध्यरेषा

वाशीमचें मध्यमेश्वर-देवालय पृथ्वीच्या मध्यरेषेवर आहे, ही स्थानिक समजूत निराधार म्हणून टाकणें उचित नव्हे. वाशीम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. तो वंश लयास गेल्यावर, इ. स. ६२९ मध्यें आर्यभटीयावर भाष्य रचणाऱ्या पहिल्या भास्करानें महाभास्करीयांत लंका, अवंती, स्थानेश यांसह मध्यरेषेवर वात्स्यगुल्मही गणिलें आहे. आधुनिक मापनानें वाशीम उज्जयिनीच्या सुमारें १⅓ अंश पूर्वेस पडतें, म्हणजे मध्याह्नांत पांच मिनिटांहून अधिक अंतर येतें. परंतु स्थानेश म्हणजे ठाणेसर, त्याच्याशीं तें अर्ध्या अंशाच्या आंत जुळतें. सबब संग्राहकांनीं ज्योतिषाच्या पोथ्यांतील देशांतर-प्रकरणाचे पाठभेद अवश्य नोंदवावे. ताम्रपट जेथें मुके होतात, तेथें गणिताची पोथी नगराची साक्ष देते.