बीदर एका दिवसात : किल्ला, मदरसा आणि बिद्रीचे कारखाने

दामाजीपंतांची कथा घरोघरी ठाऊक आहे. दुष्काळात मंगळवेढ्याचे सरकारी कोठार लोकांसाठी खुले झाले आणि विठू महाराच्या रूपात पांडुरंग धान्याचे पैसे घेऊन बादशहाच्या दरबारी गेला, अशी ती आख्यायिका. तो दरबार बीदरचा. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील बीदर जिल्हा १९५६ साली तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा महाराष्ट्रात आले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले, तर बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद, बसवकल्याण कर्नाटकात. राज्ये बदलली तरी बाजारहाट, सोयरीक आणि बोली सुटली नाही. भालकी-औरादकडे आजही मराठी सर्रास कानावर पडते. उदगीर आणि भालकीहून रेल्वेने थेट बीदरला उतरता येते. हैदराबादहून रस्त्याने अंतर सुमारे १४० किलोमीटर आहे.

सकाळ : किल्ला

ऊन चढायच्या आत किल्ला पाहिलेला बरा. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून राजधानी इथे हलवली आणि जुना किल्ला नव्याने बांधून काढला. तांबूस जांभा खडक कोरून काढलेला तिहेरी खंदक हे त्याचे वैशिष्ट्य. आत सोळा खांबांची मशीद, गगन महाल, तरकश महाल, तख्त महालाचे भग्न अवशेष आणि रंगीन महाल आहे. रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे बसवून नक्षी केली आहे. काळ्यावर चमकती नक्षी हीच कल्पना दुपारी कारखान्यात धातूवर दिसते, म्हणून हा महाल चुकवू नये. तो बहुधा कुलूपबंद असतो. किल्ल्यातल्या पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात आधी विचारावे. किल्ला मोठा आहे आणि पाट्या त्रोटक, त्यामुळे स्थानिक गाईड सोबत असलेला चांगला.

महमूद गवानचा मदरसा

किल्ल्यापासून जुन्या गावात येताना हा मदरसा लागतो. इराणच्या गिलान प्रांतातून आलेला महमूद गवान बहमनी राज्याचा वजीर झाला आणि त्याने १४७२ मध्ये ही तीन मजली वास्तू उभी केली. इथे वर्ग, ग्रंथालय, विद्यार्थी-शिक्षकांच्या खोल्या होत्या. दरबारातील विरोधकांनी बनावट पत्र पुढे करून कान भरले आणि १४८१ मध्ये सुलतानाने त्याला ठार करविले. मुघल काळात आत साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग ढासळला. दोन मिनारांपैकी एकच उरला. त्यावरच्या निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे अजून शिल्लक आहेत.

दुपार : बिद्रीचे कारखाने

चौबारा नावाच्या गोल बुरुजाच्या आसपासच्या गल्ल्यांत बिद्रीची दुकाने आणि छोटे कारखाने आहेत. काम पाहू द्या म्हटले तर कारागीर सहसा नाही म्हणत नाहीत. कामाचा क्रम असा :

• साधारण १६ भाग जस्ताला १ भाग तांबे वितळवून, एरंडेल आणि राळ मिसळलेल्या मातीच्या साच्यात वस्तू ओततात.
• कानशीने घासून गुळगुळीत करतात. रेघ नीट दिसावी म्हणून मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरते काळे करतात.
• हाताने नक्षी काढून छिन्नीने खाच पाडतात. खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात.
• पुन्हा घासल्यावर वस्तू राखाडी दिसते, चांदी ओळखूही येत नाही.
• शेवटी वस्तू गरम करून किल्ल्यातली माती आणि नवसागराचे पाणी लावतात. मिश्रधातू गडद काळा पडतो, चांदी पांढरीच राहते. मग तेलाचा हात फिरवतात.

ही माती जुन्या बांधकामातल्या, वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची लागते. कारागीर जिभेवर चव घेऊन ती पारखतात. त्यामुळे किल्ल्याची निगा हा कारागिरांच्या पोटापाण्याचाही प्रश्न आहे.

बिद्रीला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ मध्ये बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री जाहीर झाली. मान मिळाला तरी अडचण जुनीच आहे. चांदी महागली की तयार मालाची किंमत वाढते, गिऱ्हाईक हात आखडते आणि आधी कारागिराची मजुरी घासाघिशीत जाते. खरेदी करताना वस्तूत चांदी आहे का आणि काम हाताचे आहे का, हे सरळ विचारावे. नुसत्या काळ्या रंगावर रुपेरी छाप मारलेला माल स्वस्त मिळतो, पण ती बिद्री नव्हे. शक्य असेल तर करणाऱ्याच्याच हातून घ्यावी.

संध्याकाळ : अष्टूर

गावाच्या पूर्वेला काही किलोमीटरवर अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत. अहमदशहा वलीच्या घुमटात आतून रंगीत चित्रकाम आहे. ते पाहायला छोटी बॅटरी जवळ ठेवावी. त्याच्या उरुसाला हिंदू-मुसलमान दोघेही येतात आणि लिंगायत जंगमाला त्यात मान असतो. शेजारीच हुमायूनची अर्धी कोसळलेली कबर उभी आहे. वेळ उरला तर परतताना गुरुद्वारा नानक झिरा साहिब पाहता येतो. तिथे लंगरमध्ये जेवणाचीही सोय होते.