वस्वसा : कुजबुजणारा संशय

अरबी भाषेतील ‘वस्वसा’ हा शब्द ध्वनीच्या अनुकरणातून घडलेला असून दागिन्यांची मंद किणकिण किंवा दबक्या आवाजातील कुजबुज हा त्याचा मूळ अर्थ होय. कुराणाच्या अखेरच्या, म्हणजे ११४व्या अध्यायात माणसांच्या अंतःकरणात कुजबुजून मागे सरणाऱ्या शक्तीला याच धातूवरून ‘वस्वास’ म्हटले आहे. पुढे हा शब्द मनात पुन्हापुन्हा उठणाऱ्या निराधार शंकेसाठी रूढ झाला. नमाजापूर्वी चेहरा व हात धुणे, डोक्यावरून ओला हात फिरवणे आणि पाय धुणे या शुद्धिविधीला ‘वुजू’ म्हणतात. तो वायू सरल्याने भंगत असल्यामुळे, वुजू टिकला की भंगला, ही शंका भाविकाला सहज ग्रासते.

या पेचावर इस्लामी विधिशास्त्राने, म्हणजे ‘फिक्ह’ने, शंकेने निश्चितता ढळत नाही असे सूत्र दिले. त्याला आधार असलेल्या हदीसनुसार, म्हणजे पैगंबरांच्या वचनानुसार, आवाज ऐकू आल्याशिवाय किंवा गंध जाणवल्याशिवाय नमाज सोडू नये. १२२३मध्ये दमास्कस येथे निवर्तलेले विधिज्ञ इब्न कुदामा यांनी अशा संशयग्रस्तांच्या निषेधार्थ स्वतंत्र पुस्तिका लिहिली. पाण्याचा अपव्यय करीत अवयव वारंवार धुणे ही धर्मनिष्ठा नव्हे, असा या परंपरेचा निर्वाळा आहे. आधुनिक अरबीत मंत्रचळ या मनोविकाराला ‘वस्वास कहरी’, म्हणजे बळजबरीचा वस्वास, म्हणतात.  मराठीत संशय या अर्थाचा अरबी ‘शक’ फारसीमार्गे स्थिरावला.