देवास गेटवर पाठ का धरते? शरीराची ठेवण, बसणं-वाहणं आणि न सरणारा थकवा

उज्जैनला महाकालेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्या आपल्या खान्देश-बुऱ्हाणपूर भागातल्या बहुतेकांना देवास गेट माहीत असतं. रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचा हा चौक. त्याला लागून बस स्टँड, आजूबाजूला लॉज, भोजनालयं, दुकानं. स्टँडला नाव आहे शहीद राजाभाऊ महाकाल यांचं. उज्जैनचे हे मराठी कार्यकर्ते १९५५ साली गोवामुक्तीच्या सत्याग्रहात पोर्तुगीजांच्या गोळीबारात गेले. नावाची पाटी वाचायला प्रवासी फारसा थांबत नाही. रात्रभराच्या प्रवासाने कंबर धरलेली असते, आधी पाय मोकळे करायचे असतात.

प्रवाशाची कंबर दोन दिवसांत सुटते. पण त्याच चौकात रोज बारा-बारा तास काढणारे ड्रायव्हर, कंडक्टर, ई-रिक्षावाले, हमाल, भट्टीसमोर उभे राहणारे कारागीर, मान खाली घालून मोबाइल दुरुस्त करणारी पोरं यांचं दुखणं सुटत नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात. कंबरदुखी त्यात सगळ्यात मोठी. २०२० साली जगभरात साधारण ६१ कोटी ९० लाख लोकांना ती होती, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाला कामापासून तोडणाऱ्या दुखण्यांत तिचा नंबर जगात पहिला लागतो.

यात बसण्या-उठण्याच्या ढबीचा वाटा किती आणि शरीराच्या ठेवणीचा किती, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

गाडी चालवणाऱ्याची कंबर

मणक्याच्या दोन हाडांमध्ये चकती असते, तिला आपण गादी म्हणतो. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला. उभं असताना दाब शंभर धरला, तर टेका न घेता बसल्यावर तो एकशे चाळीसच्या आसपास जातो आणि पुढे वाकून बसल्यावर आणखी वाढतो, असं त्यांना दिसलं. हे आकडे पुढे कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत राहिले. १९९९ मध्ये जर्मनीतल्या एका गटाने नव्या यंत्राने पुन्हा मोजणी केली, तेव्हा सैल, मागे टेकून बसल्यावर दाब उभं राहण्यापेक्षा जास्त नव्हता. म्हणजे बसणं हेच मुळात वाईट असं म्हणता येत नाही. टेका आहे की नाही आणि किती वेळ हालचालीशिवाय बसलो, यावर बरंच अवलंबून.

ड्रायव्हरच्या बाबतीत तिसरी गोष्ट येते, ती म्हणजे हादरे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होणाऱ्या कंपनाला सगळ्यात जास्त साथ देतो, आणि खराब रस्त्यावरच्या बस-ट्रकच्या सीटवर नेमकी याच टापूतली कंपनं भरपूर असतात. पाठीचे स्नायू प्रत्येक हादऱ्याला आवळत राहतात. दिवसभर स्टिअरिंगशिवाय काही उचललं नाही, तरी संध्याकाळी पाठ अंगमेहनत केल्यासारखी दमते ती यामुळे. ई-रिक्षाचं आणखी वेगळं. चाकं लहान, स्प्रिंगा साध्या, पाठीमागे टेका नावापुरता. त्यात बरेच जण मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून बसतात. एक ढुंगण वर, एक खाली, अशा अवस्थेत आठ तास गेले की कुल्ह्यातून मांडीत कळ उतरू लागते. पाकीट पुढच्या खिशात ठेवणं हा बिनपैशाचा इलाज आहे.

लांबच्या प्रवासानंतर गाडीवरून उतरल्या उतरल्या टपावरचं सामान ओढायला जाऊ नये. तासन् तास वाकून बसल्यावर मणक्याभोवतीच्या दोऱ्या, म्हणजे अस्थिबंध, काही वेळ सैलावलेले असतात. दोन मिनिटं चालून, हात वर ताणून मग ओझ्याला हात घालावा. हे ड्रायव्हर-क्लीनरला जितकं लागू, तितकंच यात्रेकरूलाही.

ओझं आणि तरफ

हमालाच्या पाठीचं गणित तरफेचं आहे. पाठीचे उभे स्नायू मणक्याच्या मध्यापासून साधारण पाच सेंटिमीटर मागून ओढतात. दहा किलोची बॅग शरीरापासून चाळीस सेंटिमीटर पुढे धरली, तर तिला तोलण्यापुरतंच त्या स्नायूंना ऐंशी किलोइतकं ओढावं लागतं. वाकलेल्या धडाचं वजन वेगळंच. तीच बॅग पोटाला लावून धरली तर हा ताण निम्म्याहूनही खाली येतो. ‘गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा’ हा उपदेश सगळे करतात. माझ्या मते त्यातला महत्त्वाचा भाग हा की ओझं अंगाजवळ ठेवा आणि उचलताना कंबरेतून पिळवटू नका.

अनुभवी हमाल ओझं डोक्यावर किंवा खांद्यावर का घेतो, तेही यातून कळतं. तिथे ओझं कण्याच्या रेषेत येतं. आफ्रिकेतल्या डोक्यावरून ओझं वाहणाऱ्या स्त्रियांवर १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं ओझं जवळजवळ जादा ऊर्जा न खर्चता वाहतात असं दिसलं होतं. पण त्याची किंमत मान मोजते. वर्षानुवर्षं डोक्यावर भार वाहणाऱ्यांच्या मानेचे मणके लवकर झिजलेले आढळतात.

किती वजन उचलावं? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची रेघ ओढली. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं सूत्र तर सगळं अनुकूल असतानाही २३ किलोपलीकडे जात नाही. आपल्याकडे सिमेंटचं एक पोतं ५० किलोचं असतं. महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी-हमाल कामगारांसाठी स्वतंत्र कायदा आहे. माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. पण हा कायदा राज्याच्या सीमेपाशी थांबतो, देवास गेटवरच्या हमालाला तो लागू नाही. चाकांच्या बॅगा आल्यापासून स्टँडवरचं ओझं कमी झालं खरं, पण त्याबरोबर मजुरीही कमी झाली.

उभ्याने काम

भोजनालयात पोळ्या लाटणारी बाई, चहाच्या टपरीवरचा माणूस, काउंटरवरचा सेल्समन. यांचं दुखणं टाचेत, पोटऱ्यांत आणि कंबरेच्या खालच्या भागात असतं. सकाळी उठल्यावरची पहिली चार पावलं टाच टेकवत नाहीत, मग हळूहळू सुटतं, हे तळपायाच्या पडद्याला सूज असल्याचं नेहमीचं लक्षण. अशा जागी एक वीट किंवा लाकडाची फळी पायाशी ठेवून आलटून पालटून एकेक पाय तिच्यावर ठेवला, तर कंबरेची कमान सैल होते. ओट्याची उंची कोपराच्या थोडी खाली हवी. बहुतेक ओटे जागेच्या सोयीने बांधलेले असतात, माणसाच्या उंचीने नाही.

दर्शनाच्या रांगेतही हेच होतं. महाकाल लोकचा मार्गच नऊशे मीटरहून लांब आहे, त्यात अनवाणी फरशी आणि भस्म आरतीसाठी रात्रीचं जागरण. मधुमेहींनी पाय आधी आणि नंतर नीट तपासावेत. त्यांना कित्येकदा जखम जाणवत नाही.

शरीराची ठेवण

काही जणांचे सांधे जन्मतःच सैल असतात. अंगठा मनगटाला टेकतो, कोपर उलटं वाकतं, गुडघे न वाकवता तळवे जमिनीला लागतात. लहानपणी कौतुक होतं, मोठेपणी स्नायूंना ते सैल सांधे सतत धरून ठेवावे लागतात, म्हणून असे लोक लवकर दमतात आणि अंग दुखतं. नऊ गुणांची एक सोपी चाचणी आहे, बायटन यांच्या नावाची. पाच किंवा जास्त गुण मिळाले तर डॉक्टर पुढे विचारपूस करतात.

सपाट पाऊल, एक पाय सेंटिमीटरभर आखूड, खांदा किंचित वर, या गोष्टी असंख्य माणसांत असतात आणि बहुतेकांना त्यांचा काही त्रास नसतो. ‘तुमचा एक पाय लहान आहे, म्हणून सगळं दुखतंय’ असं सांगून महागडे इन्सोल विकणाऱ्यांपासून जरा जपून. कणा बाजूला वाकलेला असणं, म्हणजे स्कोलिओसिस, दहा अंशांपासून पुढे धरतात. वाढत्या वयाच्या मुला-मुलींत ते वेळेवर दाखवायलाच हवं.

एमआरआयचंही असंच. काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या एमआरआयचे अभ्यास २०१५ मध्ये एकत्र करून पाहिले, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत गादीची झीज दिसली. म्हणजे रिपोर्टवर ‘गादी सरकली’, ‘झीज’ लिहिलं की तेच दुखण्याचं कारण, असं नाही. रिपोर्ट वाचून माणूस घाबरतो, वाकणं-चालणं सोडतो आणि मग स्नायू खरंच कमजोर होतात.

थकवा कुठून येतो?

स्नायू सतत आवळलेला राहिला की त्याच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त कमी पोचतं, जडपणा येतो. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याची मान दिवसभर याच अवस्थेत असते. डोकं साधारण पाच किलोचं. ते पुढे झुकलं की मानेमागच्या स्नायूंना कितीतरी पट ओढावं लागतं. पोक काढून बसल्यावर छाती पूर्ण फुगत नाही, श्वास उथळ होतो. रात्री कुशीवर वळताना कळ आली की झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी तीच वेदना जास्त जाणवते. हे चक्र एकदा सुरू झालं की दुखणं आधी की थकवा आधी, हे रुग्णालाही सांगता येत नाही.

तरीपण प्रत्येक थकव्याचं खापर पाठीवर फोडू नका. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आढळलं आहे. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व, आणि घोरणाऱ्या ड्रायव्हरांत झोपेत श्वास अडकणं, हे आधी तपासलेलं बरं. काळजी आणि पैशाची ओढ यांचाही वेदनेत खरा वाटा असतो. ते मनाचे खेळ नव्हेत.

मग करायचं काय?

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला लाथ मारून घ्यायची रीत होती, अजूनही कुठे कुठे आहे. गुण येतो, कारण अचानक धरलेली पाठ बहुतेक वेळा काही दिवस-आठवड्यांत आपोआपच सुटते. जुनाट दुखण्यात मात्र लाथ, मालिश, पट्टा यांचा आधार थोडा वेळच. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिली मार्गदर्शिका काढली. तिच्यात व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यांची शिफारस आहे. कंबरेचे पट्टे आणि वजन लावून ओढणं, म्हणजे ट्रॅक्शन, नेहमी वापरू नये असं म्हटलं आहे. आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत अजून याच दोन गोष्टी आधी हातात पडतात.

सगळ्यात स्वस्त औषध चालणं आहे. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नियमित चालण्याचा कार्यक्रम केलेल्यांची कंबरदुखी परत यायला मध्यमान २०८ दिवस लागले, न केलेल्यांची ११२ दिवसांतच परतली. अर्ध्या-पाऊण तासाने ढब बदलणं, कंबरेमागे टॉवेलची गुंडाळी, सीटची पाठ किंचित मागे, आठवड्यातून तीन-चार दिवस पाठ, पोट, कुल्हे यांना ताकद देणारे व्यायाम, एवढं पुरेसं आहे. ताठ बसण्याचा हट्ट नको. ताठ बसून दोन तास न हलणाराही अवघडतोच.

डॉक्टरकडे ताबडतोब कधी जायचं, ते मात्र पाठ करून ठेवा: लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसण्याच्या जागी बधिरपणा, पाऊल लुळं पडणं, पडल्यानंतरची पाठदुखी, आधी कॅन्सर झालेला असणं. संध्याकाळचा ताप, वजन घटणं आणि रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी असेल तर मणक्याच्या टीबीची शंका घ्यावीच लागते. तो आपल्या भागात दुर्मिळ नाही आणि वेळेवर औषध घेतलं तर बरा होतो. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. उज्जैनमध्ये असताना त्रास झाला तर जिल्हा रुग्णालय किंवा आगर रोडवरचं आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालय गाठता येतं.