परदेशातलं हॉटेल निवडताना: न दिसणारा फिल्टर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे हेडफोन घरी राहिलेत, त्यांच्यासाठी आजचा भाग लेखी स्वरूपात.

आजचा प्रश्न साधा आहे. पहिल्यांदाच लंडनला चाललोय, चार रात्री आहेत, आयुष्यात एकदा तरी भारी हॉटेलात राहायचंय. कसं निवडायचं? मी जालन्याचा, पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे कुणी ऑनसाइट निघालं की व्हिसाच्या खालोखाल हीच चर्चा. ॲप उघडायचं आणि फिल्टर लावत बसायचं: लिफ्ट पाहिजे, अटॅच्ड बाथरूम पाहिजे, स्टेशन जवळ पाहिजे, रेटिंग आठच्या वर पाहिजे.

यातल्या प्रत्येक फिल्टरला इतिहास आहे. आधी गमतीचा भाग सांगतो, मग गंभीर.

१८८९ साली लंडनला थेम्स नदीच्या काठी सॅव्हॉय हॉटेल सुरू झालं. तिथे विजेचे दिवे होते, विजेवर चालणारी लिफ्ट होती आणि खोल्यांना जोडून बाथरूम होते. त्या काळी चांगल्या हॉटेलातही अंघोळीचं गरम पाणी नोकरांना वर वाहून न्यावं लागायचं. सॅव्हॉय सांभाळायला आला सेझार रिट्झ नावाचा माणूस. पुढे त्याच्या नावाने १८९८ साली पॅरिसला आणि १९०६ साली लंडनला हॉटेल उभं राहिलं. आज आपण ज्याला लक्झरी म्हणतो, त्याचा साचा बराचसा या माणसाने घालून दिलाय.

आपण फार मागे होतो असं समजू नका. मुंबईचं ताज १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडलं. म्हणजे लंडनच्या रिट्झच्या आधी, आणि गेटवे ऑफ इंडियाच्याही आधी. त्याच्या आराखड्यात मोठा वाटा एका मराठी माणसाचा होता, रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांचा. जमशेटजी टाटांना वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट तुम्ही फॉरवर्ड झालेली वाचली असेल. तिला ठोस पुरावा नाही. पण ती इतकी वर्षं टिकली, कारण ऐकणाऱ्याला ती खरी वाटायची. दारातून परत पाठवणं हा तेव्हाचा रोजचा अनुभव होता.

आता गंभीर भागाकडे येऊ. त्या काळात मराठी माणूस परदेशी गेला की राहायचा कुठे?

आनंदीबाई जोशी १८८३ साली, अठराव्या वर्षी अमेरिकेला गेल्या. तिथे न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, ज्यांच्याशी फक्त पत्रांतून ओळख होती त्या कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या. लोकमान्य टिळक चिरोल खटल्यासाठी १९१८ साली लंडनला गेले, ते मेडा व्हेल भागात हाउली प्लेस इथे १० नंबरच्या घरात राहिले. कुणी ओळखीच्यांकडे, कुणी भाड्याच्या घरात, कुणी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात. लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्यांना खोली द्यायला अनेक घरमालक तयार नसत. १९०५ साली हायगेट भागात इंडिया हाउस हे वसतिगृह निघालं, त्यामागे हेही एक कारण होतं.

आणि मग बाबासाहेबांची गोष्ट. ती सगळ्यात उलटी आहे.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. जात विचारणारं कुणी नव्हतं. पुढे लंडनमार्गे १९१७ साली ते परतले आणि करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला गेले. तिथे प्रश्न पडला, उतरायचं कुठे? हिंदू हॉटेलात जात सांगितली तर दार बंद. शहरातल्या दोन मित्रांकडे जावं, तर ते अवघडतील. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून, दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. वरच्या मजल्यावर एकटेच, बाजूला अडगळीने भरलेला हॉल आणि रात्री एक कंदील. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावर चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा खाली करायला सांगितली. बाबासाहेबांनी सरकारी बंगल्यासाठी खटपट केली, मित्रांकडे शब्द टाकून पाहिला. काहीच जमलं नाही. मुंबईच्या गाडीला वेळ होता, तो त्यांनी कामाठी बागेत बसून काढला.

जरा थांबून विचार करा. ज्या राजाने त्यांना न्यूयॉर्कला पाठवलं, त्याच राजाच्या शहरात, त्याच्याच नोकरीत असताना या माणसाला राहायला खोली मिळाली नाही. खिशात पैसे होते, हातात पदवी होती. पण पैसे आणि पदवी बघण्याआधी एक चाळणी लागत होती.

हा प्रसंग बाबासाहेबांनी ज्या आठवणींत लिहिलाय, त्यांचं नाव आहे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. व्हिसाची वाट बघणाऱ्या प्रत्येकाने त्या वाचाव्यात, जेमतेम काही पानं आहेत. त्यातच १९३४ सालचा दौलताबादचा प्रसंग आहे. दौलताबाद आपल्या जालन्यापासून साधारण ७५ किलोमीटर. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाचा. किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्याने सहकाऱ्यांनी तोंड धुतलं, म्हणून जमाव अंगावर धावून आला. शेवटी किल्ला बघायला मिळाला, पण सोबत हत्यारबंद शिपाई देऊन, हे लोक पाण्याला शिवणार नाहीत या अटीवर.

हे फक्त आपल्याकडेच चालायचं असं नाही. १९४३ साली वेस्ट इंडीजचा क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन लॉर्ड्सवरच्या सामन्यासाठी लंडनला आला. रसेल स्क्वेअरच्या इम्पिरिअल हॉटेलात बुकिंग होतं. पोचल्यावर त्याला सांगितलं, फक्त एक रात्र राहा, मग निघा. कारण, रंग. त्याने कोर्टात दावा लावला आणि १९४४ साली जिंकला. भरपाई मिळाली पाच गिनी. अमेरिकेत तर काळ्या प्रवाशांना कुठलं हॉटेल घेईल याची यादीच छापून विकली जायची. 'ग्रीन बुक' तिचं नाव, १९३६ पासून जवळजवळ तीस वर्षं निघत होती. तेव्हाचं ट्रॅव्हल ॲपच म्हणा. फिल्टर एकच: आत घेतील का?

आता आपल्या संविधानाचा अनुच्छेद १५, त्यातलं दुसरं कलम बघा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणालाही दुकान, उपाहारगृह, हॉटेल यांत अडवता येणार नाही, विहीर, तलाव, घाट वापरण्यापासून रोखता येणार नाही. एवढ्या मोठ्या ग्रंथात हॉटेल आणि तलाव यांचा नाव घेऊन उल्लेख का? बडोद्याची धर्मशाळा आणि दौलताबादचा हौद आठवा. ही तरतूद एकट्या माणसाने लिहिली नाही, संविधान सभेने मंजूर केली. पण मसुदा समितीच्या अध्यक्षांनी ते दोन्ही स्वतः भोगलं होतं. २६ जानेवारी १९५० पासून हे लागू आहे.

आमच्या भाषेत सांगायचं तर आधी ॲक्सेस, नंतर प्रेफरन्स. पूल पाहिजे की बाल्कनी, हा प्रेफरन्स. तो निवडता येतो, कारण ॲक्सेसची लढाई आपल्या आधी कुणीतरी लढलंय. ती सगळीकडे संपली असंही समजू नका. आपल्याच शहरांत भाड्याची खोली शोधताना आडनाव विचारतात, हे तुम्हाला माहीत आहे.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. लंडनची बरीच छोटी, देखणी हॉटेलं शंभर-दोनशे वर्षं जुन्या घरांत आहेत. म्हणून फोटोवर भुलू नका. लिफ्ट आहे का, एसी आहे का, बाथरूम खोलीतच आहे का, हे तीन प्रश्न आधी विचारा. व्हिसा हातात येईपर्यंत फुकट रद्द होणारंच बुकिंग करा. शहराच्या पार टोकाला मोठी खोली घेण्यापेक्षा ट्यूब स्टेशनजवळ लहान खोली परवडते.

आणि एक सकाळ राखून ठेवा. १९२१-२२ मध्ये शिकत असताना बाबासाहेब जिथे राहिले, ते १० किंग हेन्रीज रोडचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतलं. तिथे आता स्मारक आहे. भारी हॉटेलातला नाश्ता झाला की तिकडे जा. लंडनमध्ये असताना त्यांना पोटभर जेवणही परवडत नव्हतं. रात्री भूक लागली की मुंबईहून नेलेले पापड भाजून खायचे.

तुमच्या घरातलं कुणी जुन्या काळी परदेशी गेलं असेल, तर ते कुठे उतरले होते ते विचारा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.