घरभाडे व दळणवळण
घरभाडे व दळणवळण : नगरातील घराचे भाडे त्याच्या क्षेत्रफळाइतकेच रोजगारस्थळी पोहोचण्यास लागणाऱ्या वेळेवर व खर्चावर अवलंबून असते; प्रवास सुलभ झाला, की वाचलेल्या वेळेचे मूल्य कालांतराने भाड्यात मिसळते, हे या संबंधाचे मूलतत्त्व होय. मुंबईत बोरीबंदर–ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला आणि १९२५ पासून विजेच्या गाड्या धावू लागल्या. पुढे उपनगरांची वस्ती स्थानकांभोवती दाटत गेली व स्थानकानजीकच्या खोलीस अधिक भाडे पडू लागले. मात्र १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या चाळींची भाडी गोठविल्यामुळे तेथील स्थानमूल्य पागडीच्या, म्हणजे भाडेहक्क मिळविण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या एकरकमी रकमेच्या, रूपाने वसूल होत राहिले. दूरची स्वस्त जागा पत्करणारा भाडेकरू भाड्यातील बचत प्रवासाच्या वेळात फेडतो.