बर्लिंग : ओंडक्यावरच्या एका शब्दाचा माग

अमेरिकेच्या कृषी खात्यातील वनविभागाने १९०५ साली जंगलकामात रुळलेल्या शब्दांची पुस्तिका छापली. ती ६१ क्रमांकाची. तीत ‘बर्ल’ हे क्रियापद सापडते. अर्थ दिला आहे तो असा : तरंगत्या ओंडक्यावर पावले टाकत तो वेगाने फिरवणे. लाकूडतोड्यांच्या स्पर्धांमध्ये आज ‘बर्लिंग’ म्हणून जो खेळ रंगतो, त्याचे हे नेमके वर्णन आहे. मात्र या व्याख्येत ना प्रतिस्पर्धी आहे, ना हारजीत. सरकारी कारकुनीने नोंदवली ती कामाची क्रिया.

१९०५ हे नोंदीचे साल झाले, शब्द त्याहून जुना आहे. स्टुअर्ट एडवर्ड व्हाइट यांच्या १९०४ च्या कथासंग्रहात ‘द रिव्हरमन’ नावाची कथा आहे. तिचा काळ १८८० च्या दशकाच्या मध्याचा, आणि तिच्यात ओंडक्यावरची झुंज येते. कथा म्हणजे दप्तर नव्हे, पण शब्द वाचकांच्या ओळखीचा झाला होता एवढी साक्ष ती नक्की देते. खेळाची साक्ष आणखी मागे जाते. १८९८ मध्ये नेब्रास्कातील ओमाहाच्या प्रदर्शनात झालेली लढत पहिली जागतिक स्पर्धा मानतात. ती विस्कॉन्सिनमधील ओ क्लेअरच्या टॉम फ्लेमिंगने जिंकली.

शब्दाचे माहेर मात्र स्कॉटलंडमध्ये आहे. स्कॉट बोलीत ‘बर्ल’ म्हणजे घरघर आवाज करत गरगर फिरणे. हा शब्द आवाजावरूनच घडला असावा, असे कोशकार मानतात. इथे दोन चकवे आहेत. त्याच बोलीतला दुसरा ‘बर्ल’ म्हणजे पेयाचा प्याला भरणे. तो प्याले भरणाऱ्या सेवकासाठीच्या जुन्या इंग्रजी शब्दातून आला. ‘बिर्लिन’ हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वल्ह्यांच्या गलबताचे नाव. पाण्याशी संबंध असल्याने ते मोहात पाडते, पण त्याचे मूळ नॉर्स भाषेतल्या मालवाहू जहाजाच्या नावात आहे. फिरणाऱ्या ओंडक्याशी अर्थाने जुळतो तो गरगरणारा ‘बर्ल’च.

तो नदीवर का रुजला, हे कामाची पद्धत पाहिली की कळते. हिवाळ्यात तोडलेले ओंडके नदीकाठी रचून ठेवत आणि वसंतात बर्फ वितळून पाणी चढले की प्रवाहात सोडत. अडकलेले ओंडके मोकळे करायला माणसे थेट त्यांच्यावर चढत. बुटांच्या तळव्यांना पोलादी खिळे, हातात लांब काठी. गोल लाकूड पायाखाली फिरू लागले की त्याच्या गतीने पावले टाकायची, नाहीतर गार पाण्यात पडायचे. मागून येणाऱ्या ओंडक्यांखाली सापडून अनेकांचे जीव गेले. तोल ही तिथे हौस नव्हती. त्यावर पोट आणि प्राण दोन्ही अवलंबून होते.

विस्कॉन्सिनमधील हेवर्ड येथे १९६० पासून लाकूडतोड्यांची जागतिक स्पर्धा भरते. एका ओंडक्यावर दोघे उभे राहतात. एकमेकांना स्पर्श करायचा नाही. ओंडका अचानक थांबवून, उलटा फिरवून, पायाने पाणी उडवून समोरच्याचा तोल घालवायचा. जो आधी पाण्यात पडतो, तो ती फेरी हरतो. पाचपैकी तीन फेऱ्या जिंकणारा विजयी.

नियम नंतर आले, प्रेक्षकही नंतर आले. पावलांची ती चाल आणि तिचे नाव मात्र नदीवर राबणाऱ्यांचे आहे. बहुतेकांची नावेही कुठल्या दप्तरात उरली नाहीत. म्हणून १९०५ च्या पुस्तिकेतली ती छोटी नोंद त्यांच्या कसबाचा दस्तऐवज म्हणूनच वाचायला हवी.